इटालियन क्रियापदं तोडून लिहिण्याची पद्धत: काही महिन्यांच्या वापरानंतर

इटालियन काळांचे छापील तक्ते पाठ करणं मी बंद केलं, त्याला आता बरेच महिने झाले. हल्ली प्रत्येक रूप वहीत दोन ओळींत लिहिते. वरच्या ओळीत उच्चारातले तुकडे, खालच्या ओळीत धातू आणि प्रत्यय. आघात, म्हणजे बोलताना जोर, असलेल्या तुकड्याखाली रेघ. बोलण्यात पडलेला फरक खूप मोठा आहे.

खरा फायदा झाला तो आघाताचा. इटालियन लिहिताना आघाताची खूण बहुतेक शब्दाच्या शेवटीच देतात. बाकी सगळं वाचणाऱ्यावर सोडलेलं. 'ते बोलतात' हे पार-ला-नो, आघात पहिल्या तुकड्यावर. 'आम्ही बोलतो' हे पार-ल्या-मो, आघात दुसऱ्यावर. ते-ले-फो-ना-नो, म्हणजे 'ते फोन करतात', इथे आघात शेवटून चौथा. आणि फाब-ब्री-का-मे-लो, 'मला ते बनवून दे', इथे मागे दोन सर्वनामं चिकटली तरी आघात जागचा हलत नाही, तो शेवटून पाचवा पडतो! तक्त्यात हे कधीच दिसलं नव्हतं.

दुसरा फायदा द्वित्ताचा, म्हणजे जोडून दोनदा येणाऱ्या व्यंजनाचा. पार-ले-रे-मो हा भविष्यकाळ, पार-ले-रेम-मो हा संकेतार्थ, म्हणजे जर-तरचं रूप. फरक एका 'म'चा. आघाताचा तुकडा स्वरावर संपला आणि शब्दाच्या शेवटी नसला तर तो स्वर लांबतो, व्यंजनाने बंद झाला तर आखूड राहतो. लघु-गुरू मोजायची सवय असलेल्या कानाला हे पटकन कळतं.

एक अडचण मात्र आहे. लेखनाच्या नियमाप्रमाणे 'मला समजतं' हे का-पी-स्को असं तुटतं, कारण 'स' पुढच्या व्यंजनाबरोबर जातो. उच्चारात 'पि' आखूडच असतो, म्हणून उच्चारशास्त्राचे बरेच अभ्यासक 'स' मागच्या तुकड्यात धरतात. मीही वहीत का-पिस-को असंच लिहिते. ओळ मोडायचा नियम वेगळा, कानाचा वेगळा.

वही देवनागरीत ठेवू नका, असं मी आग्रहाने सांगेन. 'पार्लो' लिहिलं की 'र' रफार होऊन 'लो'च्या डोक्यावर बसतो आणि जिथे तोडायचं तीच जागा झाकली जाते. रोमन लिपीत ती उघडी राहते.

खालची ओळ नियमित धातूंना उत्तम. पार्ल-आ-वा-नो, म्हणजे 'ते बोलत होते': धातू, स्वर, काळ, पुरुष. वर मात्र पार-ला-वा-नो, धातूचा 'ल' पुढच्या तुकड्यात गेलेला. 'जाणे'च्या वा-दो आणि आन-द्या-मो या रूपांचे धातूच वेगळे, तिथे ही ओळ कामाची नाही. ती सरळ पाठ करा.