भाकरी दोन-दोनच येतात

जीएसटीचं ३बी, म्हणजे दर महिन्याचं कराचं विवरणपत्र, २० तारखेला जातं. त्याआधीचे चार दिवस आमच्या कर सल्लागाराच्या ऑफिसात कुणी डब्याकडं धड बघत नाही, एका हातात पोळी आणि दुसऱ्यात माउस. म्हणून २१ ला सगळ्यांनी बाहेर जेवायचं, हा दोन वर्षांपासूनचा नेम. आधी आम्ही एका थाळीवाल्याकडं जायचो. तिथं भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती, 'एका थाळीत दोघांनी जेवू नये'. आमच्या ताईंचं जेवण चिमणीएवढं. त्यांनी एकदा अर्धी पुरणपोळी माझ्या ताटात टाकली, तर वेटर येऊन उभाच राहिला. तिकडं जाणं त्या दिवशीच बंद झालं.

ही नवी खानावळ काकांनी शोधून काढली. काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने अकाउंटंट; सख्खे कुणाचेच नाहीत, पण सगळ्यांचे काका. गंजगोलाईपासून चालत सहा-सात मिनिटं. गोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात आणि इतकी वर्षं लातुरात राहूनही मी त्यातला चुकीचाच धरते, त्यामुळं मला पंधरा मिनिटं लागली. पाटी पावसानं धुऊन गेलीय, 'घरगुती' आणि 'भोजन' एवढंच वाचता येतं. आत सहा टेबलं. मावशी चुलीपाशी, पोरगा गल्ल्यावर.

इथं थाळी नाही. भाजी प्लेटवर, भाकरी नगावर. आणि भाकऱ्या येतात त्या दोन-दोनच, कारण तवे दोनच आहेत आणि आधी थापून ठेवलेली भाकरी मावशी देत नाहीत. आम्ही पाच जण. पहिल्या दोन आल्या तेव्हा सगळे एकमेकांकडं बघत बसलो, 'तुम्ही घ्या, तुम्ही घ्या'. ताईंनी मग दोन्ही मोडल्या आणि पाच तुकडे केले. पुढचा तासभर तेच. भाकरी आली की मोडायची, मधल्या ताटलीतून ओढायचं. वरचा पापुद्रा कुणाला, यावरून मी आणि बारक्या (आमचा आर्टिकल, म्हणजे सीए होण्यासाठी आमच्याकडं काम शिकणारा पोरगा, मूळचा नाशिकचा) खरंच भांडलो. दोन वर्षं शेजारी बसून आम्ही इतकं बोललो नव्हतो.

जेवणाचं सांगायचं तर येसरची आमटी. त्यासाठी जा. धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं येसर उकळत्या पाण्यात, वरून लसणाची फोडणी. लग्नाच्या घरी पंगतीला असते तशी, पातळ, काळपट, जिभेच्या मागच्या बाजूला झणका देणारी. आंबटपणा चिंचेचा. अंबाडीची भाजीही चांगली, आत तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या शिजून एकजीव झालेल्या. शेंगदाण्याची चटणी न मागता येते आणि तिच्यावर करडईचं कच्चं तेल. बारक्यानं तेल कशाला म्हणून बाजूला सारलं. दुसऱ्या घासाला त्यानंच परत मागितलं.

डाळीवरून मात्र अर्धा तास गेला. पोरगा म्हणाला, आमची डाळ बोरसुरीची. बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सोबत पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर, तिन्ही आपल्या जिल्ह्यातल्या. तेव्हापासून जो तो बोरसुरीचीच डाळ शिजवतो. काका निलंगा तालुक्यातले, त्यांना बोरसुरी म्हणजे घरचीच गोष्ट. त्यांनी वाटी नाकाशी नेली, डोळे मिटले आणि म्हणाले, "नाही." पोरगा म्हणाला, "हाय, काका." तेवढ्यात आतून मावशींचा आवाज, "जेवायलाव का नुसतं बोलायलाव? भाकरी गार व्हायली!" विषय तिथंच राहिला. मला विचाराल तर डाळ चांगली होती, गाव कुठलं का असेना.

बारक्यानं मध्येच विचारलं, गेल्या वर्षी एका अमावस्येला ऑफिस बंद कामून होतं? (हा 'कामून' तो आता आमच्याकडून शिकलाय.) वेळ अमावस्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला शेतावर जाऊन पूजा आणि जेवण करायचा आमच्याकडचा सण, त्याला माहीतच नव्हती. मग ताईंनी भज्जी, आंबील, उंडे, शेतातली कडब्याची कोप, सगळं असं सांगितलं की आधीच भरल्या पोटी परत भूक लागली. या मार्गशीर्षात त्याला ताईंच्या शेतावर न्यायचं ठरलंय.

आता तक्रारी. धपाटे सकाळी करून ठेवलेले, गार आणि वातड. चार मागवले, दोन उरले. वांग्याच्या भाजीत तेलाचा नुसता तवंग. पिठलं ठीक, आईच्या हातचं आठवेल असलं काही नाही. आणि बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. विचारलं तर पोरगा समोरच्या कॉम्प्लेक्सकडं बोट दाखवतो. बायकांचा ग्रुप घेऊन जाणार असाल तर हे आधीच माहीत असलेलं बरं.

बिलाची गंमत वेगळीच. ११ भाकऱ्या २० नं, दोन पिठलं, दोन आमटी, अंबाडी, वांगं, धपाटे, पाच ताक, एक दही, मिळून ९१५. खाली ५ टक्के जीएसटी, ४५ रुपये ७५ पैसे. आणि गल्ल्याच्या मागं भिंतीवर कंपोझिशनची, म्हणजे लहान धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेची पाटी! कंपोझिशनवाल्यानं गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घ्यायचा नसतो, तो त्यानं आपल्या उलाढालीतून भरायचा. कर सल्लागाराच्या ऑफिसातली पाच माणसं, आदल्याच रात्री रिटर्न भरून आलेली, त्यांच्यापुढं हे बिल. काका उठले. मला वाटलं आता भाषण. पण त्यांनी पोराला बाजूला घेऊन हळूच समजावलं, कागदावर लिहूनही दिलं. पोरगा म्हणाला, मशीन बसवणाऱ्यानं तसं टाकलंय. ४५.७५ खोडले. माणशी १८३ पडले.

दीडच्या आत पोचा. नंतर बाजारातले हमाल आणि आडतीवरची माणसं येतात, तव्यांची वाट बघत बसावं लागतं. एकट्यानं जाल तर एक भाजी आणि दोन भाकऱ्यांत पोट भरेल, पण आमटी, अंबाडी आणि चटणी तिन्ही चाखता येणार नाहीत. चार-पाच जण न्या, आणि ज्यांना आपलं ताट आपल्यापुरतं लागतं त्यांना घरी ठेवा. येसर सुटंही मिळतं. मी पाव किलो आणलं, घरी आमटी केली, गुठळ्या झाल्या.

पुढच्या २१ ला पैसे काढायची पाळी बारक्याची. तो आत्तापासूनच म्हणतोय, धपाटे नकोत, त्या पैशात आमटी वाढवू.