जोंगाच्या नंबरप्लेटवरचा बाण

माझे धाकटे काका सैन्यात जोंगा ही लष्करी जीपगाडी चालवायचे. सुट्टीवर दापोलीला आले की पडवीत बसून तिचंच कौतुक. जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली या नावाची आद्याक्षरं जुळवून 'जोंगा' झालं, हे मला शाळेत असतानाच पाठ होतं. आमच्या गावाला जुनी माणसं अजून 'कॅम्प' म्हणतात, तेव्हा पलटणीच्या गोष्टींचं वेड इथल्या पोराला लागावं यात नवल नाही. काका गेल्यावर ते वेड वाढलंच. एक जोंगा आपल्या अंगणात उभी असावी, एवढीच इच्छा होती.

मी ती इच्छा जुन्या लष्करी गाड्यांच्या शौकिनांमध्ये बोलून दाखवली आणि चौथ्या दिवशी फोन आला. "जय हिंद साहेब. डेपोत स्टोअरला आहे. आमच्या लॉटमध्ये एक जोंगा निघालीय, चालू कंडिशन." किंमत १,८०,००० रुपये. गणवेशातला फोटो, ओळखपत्र, कँटीन कार्ड, सगळं मागायच्या आधीच पाठवलं.

नंतर आठ दिवस आम्ही रोज बोलत होतो. खरं तर बोलत मीच होतो. इंजिन सहा सिलिंडरचं, ३९५६ सीसीचं, मूळ निस्सानच्या पी-६० या गाडीचं, हे मी सांगितलं. तो म्हणायचा, "साहेब, तुम्हाला तर आमच्यापेक्षा जास्त ठाऊक." दोन दिवसांनी तेच वाक्य तो मला स्वतःचं म्हणून ऐकवायचा आणि मला वाटायचं, माणूस जाणकार आहे. आज आठवून बघतो, तर त्याने आपणहून गाडीबद्दल एकही बारकावा सांगितलेला नाही. काकांचं नाव, त्यांची पलटण, सगळं मीच त्याच्या हातात दिलं. शेवटी तो म्हणाला, "फौजीच्या घरी गाडी जातेय, दुसऱ्याला देणार नाही." तिथे मी विरघळलो.

आधी टोकन १५,००० रुपये. मग 'रिलीज ऑर्डर'चे ४५,०००. मग 'आर्मी ट्रान्सपोर्ट'चे २८,५००, गाडी पोचल्यावर परत मिळणारे. पैसे प्रत्येक वेळी वेगळ्या माणसाच्या खात्यावर. बायकोने विचारलं होतं, "अहो, हर्णैच्या लिलावात सुरमईचे कल्ले उघडून बघितल्याशिवाय बोली लावत नाही तुम्ही, आणि ही गाडी न बघता?" मी तिला गप्प केलं. ते शब्द अजून बोचतात.

चौथ्यांदा विम्याचे २२,००० मागितले, तेव्हा वाडीतल्या आप्पांकडे गेलो. आप्पा नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी मोबाइलवर फोटो मोठा करून नंबरप्लेटवर बोट ठेवलं. "बाणापुढे काय लिहिलंय?" ०४. लष्करी नंबरात वर टोक असलेल्या बाणानंतरचे दोन आकडे म्हणजे गाडी सैन्याने घेतली ते वर्ष. जोंगाचं उत्पादन १९९९ ला थांबलं. मग २००४ ची जोंगा आली कुठून? हे दोन्ही मला माहीत होतं. तो फोटो मी शंभर वेळा तरी पाहिला असेन, पण डोळे गाडीवर होते, आकड्यांवर नव्हते. आप्पा पुढे म्हणाले, "आणि पलटणीचा ट्रक खाजगी माणसाचा माल कधीपासून पोचवायला लागला रे?"

खऱ्या लिलावाची रीत वेगळी असते. सैन्याच्या मोडीत काढलेल्या गाड्या बहुतेक एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून जातात. नोंदणी करायची, अनामत भरायची, ठरलेल्या दिवशी जागेवर जाऊन माल बघायचा, मग बोली. गाडी आहे त्या स्थितीत उचलायची आणि वाहतूक आपली आपण बघायची. डेपोतला कुणी सुभेदार फोनवर सौदा करत नाही आणि पैसे कुणाच्या वैयक्तिक खात्यात जात नाहीत. आरटीओत पासिंग करायचं तर त्या लिलावाचीच कागदपत्रं लागतात. व्हॉट्सॲपवर आलेल्या शिक्क्याच्या कागदाला तिथे काडीची किंमत नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला, पण पहिले पैसे जाऊन सहा दिवस झाले होते. पोलीस ठाण्यात तक्रार दिली, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरही नोंदवली. ८८,५०० पैकी ११,४०० खात्यात गोठवता आले, बाकी त्याच दिवशी पुढे सरकले होते. पहिल्या तासात फोन केला असता तर जास्त अडले असते, असं तिथल्या हवालदारांनी सांगितलं. लाज वाटून मी जे दोन दिवस गप्प बसलो, ते महागात पडले.

जोंगासाठी रिकामी केलेली जांभ्या दगडाची शेड तशीच आहे. परवा माणगावच्या एका मुलाने मला फोटो पाठवला आणि विचारलं, "काका, ही घेऊ का?" तीच हिरवी गाडी, तोच पुढचा डावा दिवा फुटलेला, बाणापुढे तेच ०४. सांगणारा दुसऱ्या नावाचा, किंमत १,६०,०००. हा फोटो तुमच्याकडे आला असेल तर एक रुपयाही पाठवू नका, आणि पाठवला असेल तर हे वाचणं थांबवून आधी १९३० लावा.