नौपाड्यातील तंबाखूमुक्ती केंद्र : केसपेपर लिहावा तर असा

चुना लावून तंबाखू मळण्याची माझी २१ वर्षे झाली, परंतु डॉक्टर त्याविषयी कागदावर नेमके काय लिहितात याकडे मी कधी लक्ष दिले नव्हते. दोन वर्षांपूर्वी हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी ठाण्यातल्याच एका रुग्णालयात दाखल झालो, तेव्हा 'तंबाखू : सवय आहे' एवढीच नोंद झाली. दुसऱ्या दिवशी माझी झोप उडाली आणि मी प्रत्येकावर खेकसू लागलो, तेव्हा टाके दुखत असतील असे समजून मला झोपेची गोळी देण्यात आली. ती तंबाखू तुटल्याची लक्षणे होती, हे मला या केंद्रात आल्यावर उमगले.

येथील डॉक्टरांनी 'किती खाता' याच्याही आधी विचारले, "काका, उठल्यावर पहिला बार किती वेळाने भरता?" तोंड धुण्याआधीच, असे मी सांगितले आणि पाच मिनिटांच्या आतला बार म्हणून ३ गुण पडले. व्यसनाची तीव्रता गुणांत मोजणारी ही फागरस्ट्रॉम प्रश्नावली मूळची सिगारेटसाठीची असली तरी खाण्याच्या तंबाखूसाठी तिची वेगळी आवृत्ती आहे आणि तीत रस गिळता का, आजारपणातही खाता का, असे प्रश्न येतात. आठवड्याला किती पुड्या, हा प्रश्न मात्र आपल्याकडे पुरता बसत नाही, कारण पुडीचे माप दुकानागणिक बदलते. माझे १० पैकी ७ गुण झाले.

गुणांवरून व्यसनाची तीव्रता कळते, निदान ठरत नाही, हे त्यांनी आवर्जून समजावले. निदानासाठी अनावर ओढ, सुटलेला ताबा, प्रमाणात होत गेलेली वाढ, सोडल्यावर होणारा त्रास, इतर गोष्टींकडे झालेले दुर्लक्ष आणि अपाय दिसत असूनही चालू ठेवलेले सेवन, या सहांपैकी किमान तीन गोष्टी गेल्या वर्षभरात एकत्र आढळाव्या लागतात. माझ्यात पाच आढळल्या. मग कागदावर आजाराच्या संकेतांकासह 'एफ १७.२, निकोटीन अवलंबित्व' (म्हणजे तंबाखूचे व्यसन) असे लिहून तंबाखूचा प्रकार, वर्षे, सोडण्याचे फसलेले दोन प्रयत्न आणि तोंड किती बोटे मावतील एवढे उघडते, हेही नोंदवले गेले.

तक्रार एकच, पण गंभीर. आधी एका शिकाऊ डॉक्टरांनी मला श्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजणाऱ्या यंत्रात फुंकायला लावले आणि आकडा कमी आलेला पाहून 'सेवन नाही' असे लिहूनही टाकले. ते यंत्र धूर ओळखते, मळलेली तंबाखू नव्हे. वरिष्ठांनी ती ओळ खोडून सही केली. शिवाय फॉर्म इंग्रजीत आहे आणि त्यात मशेरीचा रकानाच नाही, त्यामुळे माझ्या मावशीला इथे आणले तर तिची नोंद 'इतर' मध्ये होणार.

निकोटीन गमचा डोस ४ मिलिग्रॅम ठरला, तोही सकाळच्या त्या पहिल्या बारावरूनच. केसपेपरची प्रत मागितल्यावर लगेच मिळाली आणि ती मी हर्नियाच्या फाइलला वरून टाचली आहे.