बिटलॉकर नऊ महिने वापरल्यावर

सांगलीत कर सल्लागाराचं काम करतो. लॅपटॉपवर शंभरेक क्लायंटचे पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंट्स. गेल्या वर्षी ओळखीतल्या एकाचा लॅपटॉप एसटीत वरच्या रॅकवरून गेला. लॉगिनला पासवर्ड होता, पण एसएसडी काढून दुसऱ्या मशीनला जोडली की त्या पासवर्डला विचारतो कोण? त्याच आठवड्यात मी बिटलॉकर चालू केलं, म्हणजे ड्राइव्हवरचं सगळं एन्क्रिप्ट करून, किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं ठेवणारी विंडोजचीच सोय. माझ्याकडे विंडोज ११ प्रो आहे. विंडोजच्या होम एडिशनवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ नावाचं त्याचंच साधं रूप मिळतं, पण त्यात निवडीला फार वाव नाही.

चालू करताना विचारतात, फक्त वापरलेली जागा की पूर्ण ड्राइव्ह? नव्या कोऱ्या मशीनला पहिला पर्याय पुरतो. माझं मशीन दोन वर्षं जुनं. डिलीट केलेल्या फायलींचे अवशेष मोकळ्या जागेत पडून असतात, म्हणून पूर्ण ड्राइव्ह निवडली. संध्याकाळी लावलं, रात्री जेवून आलो तेव्हा झालं होतं. किल्लीची लांबी मूळ सेटिंगमध्ये १२८ बिटांची असते. २५६ हवी असेल तर एन्क्रिप्ट करण्याआधीच ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत) बदलावं लागतं. मी १२८ वरच राहिलो. एसएसडीच्या स्वतःच्या एन्क्रिप्शनवर विसंबू नका. नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये काही एसएसडी पासवर्डशिवाय उघडून दाखवल्या होत्या. २०१९ पासून विंडोजही आपणहून सॉफ्टवेअरचंच एन्क्रिप्शन वापरतं.

वेगात फरक? टॅली, एक्सेल, रिटर्नची युटिलिटी, कशातच जाणवला नाही.

खरा विचार करायला लावला तो पिनने. नुसत्या टीपीएमवर, म्हणजे ड्राइव्हची किल्ली सांभाळणाऱ्या मशीनमधल्या सुरक्षेच्या भागावर ठेवलं तर मशीन सुरू होताना ड्राइव्ह आपोआप उघडते, आपल्याला काही करावं लागत नाही. पण टीपीएमची चिप वेगळी असेल तर किल्ली बोर्डावरच्या तारांमधून प्रोसेसरकडे जाते. २०२४ मध्ये एका संशोधकाने जुन्या लॅपटॉपवर ती रास्पबेरी पाय पिको हा छोटासा स्वस्त बोर्ड लावून मिनिटभरात पकडून दाखवली. म्हणून ग्रुप पॉलिसीतलं ‘रिक्वायर अडिशनल ऑथेंटिकेशन ॲट स्टार्टअप’ चालू करून सहा आकडी पिन ठेवला. अक्षरंही चालवता येतात, पण त्या वेळी कीबोर्ड अमेरिकन इंग्रजीच धरला जातो. मराठी शब्दाचा पिन ठेवायचा माझा बेत तिथेच बारगळला.

पिनचे दोन त्रास. रात्री अपडेट होऊन मशीन रीस्टार्ट झालं की सकाळी निळ्या पडद्यावर पिनची वाट बघत बसलेलं असतं, त्यामुळे घरून रिमोटने ऑफिसचं मशीन गाठायचं विसरा. दुसरा, घरात आता दोन पिन झाले, एक बिटलॉकरचा, एक विंडोजचा. बायकोने पहिले काही दिवस एकाच्या जागी दुसरा टाकून मला फोन केले. आणखी एक, स्लीपमध्ये किल्ली मेमरीत तशीच राहते. म्हणून झाकण मिटल्यावर हायबरनेट व्हावं, म्हणजे चालू काम ड्राइव्हवर ठेवून मशीन पूर्ण बंद व्हावं, असं सेटिंग केलं. उघडायला वेळ लागतो, पण प्रवासात तेच बरं.

चौथ्या महिन्यात मी स्वतः माती खाल्ली. पेन ड्राइव्हवरून बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं आणि त्याआधी बिटलॉकर सस्पेंड करायचं विसरलो. सुरू केल्यावर पडद्यावर रिकव्हरी की, म्हणजे अडल्यावर ड्राइव्ह उघडायची राखीव किल्ली, मागितलेली. ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट. प्रत्येक गटाला ११ ने भाग जातो, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर त्याच गटापाशी कळतं. जीएसटी नंबरातलं शेवटचं अक्षर जसं आधीच्या चौदांवर लक्ष ठेवतं, तसंच. छापील कागद गोदरेजच्या कपाटात एलआयसीच्या फायलीत होता म्हणून निभावलं. दुसरी प्रत कराडला बहिणीकडे आहे, किल्ली नेमकी कसली ते तिला ठाऊक नाही. सातव्या महिन्यात मदरबोर्ड बदलला, तेव्हा टीपीएमही नवं आलं, पुन्हा तोच कागद काढला आणि पिन नव्याने बसवला. दुरुस्तीवाल्याने ‘फॉरमॅट मारून देतो सर, कटकट नको’ असं दोनदा सुचवलं होतं.

पेन ड्राइव्हलाही लावता येतं. मात्र विंडोज ७ वालं मशीन समोर येणार असेल तर ‘कम्पॅटिबल मोड’ निवडा, नाहीतर तिथे ती उघडत नाही. आमच्या झेरॉक्सवाल्याकडे अजून तेच आहे. पण क्लायंटचे कागद तिथे न्यायचेच कशाला, हा प्रश्न मला पेन ड्राइव्ह न उघडल्यावरच सुचला.

हे सगळं करताना मुलीच्या लॅपटॉपकडे लक्ष गेलं. होम एडिशन, दुकानदाराने सगळं बसवून दिलेलं. आम्ही एन्क्रिप्शन कधी लावलंच नव्हतं, तरी सेटिंगमध्ये ते चालू! दुकानात पहिल्यांदा सुरू करताना त्याने स्वतःच्याच ईमेलने मायक्रोसॉफ्ट खातं उघडलं होतं, आणि रिकव्हरी की आपोआप त्याच्या खात्यात जाऊन बसली होती. मुलीने नंतर आपलं खातं जोडून त्याचं काढलं, पण किल्ली तिथेच. फोन केला. माणूस भला, खातं उघडून बघतो म्हणाला.

‘कुठला म्हणालात? इथे यादी मोठी आहे सर, सगळ्यांची नावं डेस्कटॉप अमुक-तमुक.’

मी की आयडीची, म्हणजे किल्लीच्या ओळख क्रमांकाची, पहिली आठ अक्षरं सांगितली तेव्हा सापडली. मग मुलीच्या खात्यातून डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद केलं, ड्राइव्हवरचं एन्क्रिप्शन पूर्ण उतरू दिलं आणि पुन्हा चालू केलं. नवी की तिच्या खात्यात आली. तिचा कागद आता माझ्या कागदाखाली त्याच फायलीत आहे. दोन्हींच्या डोक्यावर पेनाने आठ-आठ अक्षरं मोठी लिहिली आहेत, घाईत भलताच कागद हाती येऊ नये म्हणून.