स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपले. आता दरवर्षी मॅमोग्राफी, एमआरआय की पेट स्कॅन?

ऑपरेशन झालं, केमो संपली, रेडिएशनही पार पडलं. पुढच्या एखाद्या फॉलोअपला घरातलं कोणीतरी हमखास विचारतं, "डॉक्टर, एकदा पेट स्कॅन करून घेऊ का? म्हणजे सगळंच कळेल." डॉक्टर नको म्हणाले की संशय येतो, हे टाळाटाळ तर करत नाहीत ना? माझं मत आधीच सांगून टाकते. आजार पहिल्या ते तिसऱ्या टप्प्यातला होता, उपचार पूर्ण झालेत आणि आता काही त्रास नाही, तर मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, चुकवू नका आणि पेटच्या मागे लागू नका.

यामागचं कारण असं. उपचारानंतर दोन वेगवेगळ्या गोष्टींवर नजर ठेवायची असते. एक, त्याच स्तनात आजार परत येणं किंवा दुसऱ्या स्तनात नवा उद्भवणं. हे लवकर सापडलं तर पुन्हा पूर्ण बरं होण्याची चांगली संधी असते. दुसरी, हाडं, फुफ्फुसं, यकृत अशा ठिकाणी आजार पसरणं. इथे मात्र त्रास सुरू होण्याआधी चार महिने कळलं म्हणून आयुष्य वाढतं, असं दिसलेलं नाही. इटलीत याच प्रश्नावर दोन मोठ्या चाचण्या (क्लिनिकल ट्रायल) झाल्या आणि दोन्हींचे निष्कर्ष 1994 मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला ठरावीक काळाने छातीचा एक्स-रे आणि बोन स्कॅन (एका चाचणीत यकृताची सोनोग्राफीही), तर दुसऱ्या गटाला फक्त डॉक्टरांची तपासणी आणि मॅमोग्राफी. जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. तेव्हा पेट रुळलेला नव्हता आणि आजची औषधंही नव्हती, हा आक्षेप रास्त आहे. पण त्रास नसताना पेट केल्याने जास्त जगता येतं, हेही अजून कोणी सिद्ध केलेलं नाही.

मॅमोग्राफी दिसायला साधी, पण या कामात तिचा हात धरणारं दुसरं काही नाही. चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे, अगदी बारीक कण सुरुवातीच्या कर्करोगाची खूण असू शकतात; जे हाताला लागत नाहीत आणि सोनोग्राफीत बहुधा दिसत नाहीत, ते हिच्यात दिसतात. किरणांचा डोस सुमारे 0.4 मिलिसीव्हर्ट, निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसीव्हर्ट मिळतात. स्तन वाचवून ऑपरेशन झालं असेल तर दोन्ही बाजूंची करायची, आणि पहिली रेडिएशन संपून किमान सहा महिने झाल्यावर. त्याआधी सूज इतकी असते की चित्र नीट वाचता येत नाही आणि मशिनमध्ये स्तन दाबताना फार दुखतं. पूर्ण स्तन काढला असेल तर फक्त दुसऱ्या बाजूची. काढलेल्या बाजूला मॅमोग्राफी लागत नाही. तिथे डॉक्टरांचा हात आणि तुमचा स्वतःचा हात हीच तपासणी. जाताना अंगाला पावडर किंवा डिओ लावू नका, काखेतली पावडर फिल्मवर चुन्याच्या कणांसारखी दिसू शकते.

दरवर्षीच करायला हवी का? सर्वसाधारण शिफारस वर्षातून एकदाची आहे. मात्र ब्रिटनमधल्या 'मॅमो-50' चाचणीत पन्नाशी ओलांडलेल्या, निदानाला तीन वर्षं झालेल्या आणि आजार परत न आलेल्या पाच हजारांहून अधिक स्त्रियांमध्ये दोन किंवा तीन वर्षांनी केलेली मॅमोग्राफीही दरवर्षीच्या तोडीची ठरली. आपल्या डॉक्टरांशी बोलण्यासारखा विषय आहे, स्वतःच ठरवून वर्षं सोडण्यासारखा नाही.

"मॅमोग्राफीत दुखतं, म्हणून मी सोनोग्राफीच करते," असं बऱ्याच जणी सांगतात. ही अदलाबदल बरोबर नाही. सोनोग्राफी मॅमोग्राफीच्या जोडीला उत्तम आहे: काखेतल्या गाठी, जखमेच्या रेषेवर लागलेला टणकपणा, तरुण वयातला घट्ट (चरबी कमी, ग्रंथी जास्त असलेला) स्तन. पण करणाऱ्याच्या हातावर बरंच अवलंबून असतं, आणि एकटीने ती मॅमोग्राफीची जागा भरून काढू शकत नाही.

एमआरआय सगळ्यांसाठी नाही, पण काहींसाठी नक्की आहे. स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेल्या बीआरसीए जनुकात दोष सापडलेला असेल, पन्नाशीच्या आत निदान झालं असेल किंवा मॅमोग्राफीत स्तन फार घट्ट दिसत असेल, तर मॅमोग्राफीच्या जोडीला वर्षाला एक एमआरआय करावा का, हे जरूर विचारा. एक्स-रेचे किरण अजिबात नाहीत. पालथं झोपून अर्धा-पाऊण तास हलायचं नाही, आवाज मोठा, आणि शिरेतून गॅडोलिनियम (चित्र स्पष्ट करणारं औषध) द्यावं लागतं, म्हणून किडनीचा त्रास असेल तर आधी सांगायचं. पाळी चालू असेल तर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान करतात. बारीकसारीक गोष्टी तो फार टिपतो, आणि तीच त्याची खोडही आहे. नंतर निरुपद्रवी निघणाऱ्या डागासाठीही सुईने तुकडा काढायची वेळ येते.

आता पेट. शिरेतून किरणोत्सारी साखर, म्हणजे एफडीजी, देतात. ज्या पेशी साखर जास्त खातात त्या चमकतात. या साखरेची किरणशक्ती 110 मिनिटांत निम्मी होते. शहरात सायक्लोट्रॉन (ही साखर बनवायला लागणारं यंत्र) नसेल तर ती दुसऱ्या गावाहून गाडीने येते, आणि गाडी अडकली की सकाळचा नंबर दुपारवर जातो. चार ते सहा तास उपाशी, रक्तातली साखर आटोक्यात, मग इंजेक्शन. तेही ऑपरेशनच्या विरुद्ध हातात, नाहीतर औषध थोडं जरी बाहेर झिरपलं तरी त्याच बाजूच्या काखेतली गाठ चमकून सगळ्यांची झोप उडवते. त्यानंतर तासभर शांत पडून राहायचं. डोस मॅमोग्राफीच्या कित्येक पट, खर्चही तसाच.

आपल्याकडे पेटची आणखी एक अडचण आहे: क्षयरोग. छातीतल्या जुन्या टीबीच्या गाठीही तितक्याच जोरात चमकू शकतात. मग दुर्बीण, बायोप्सी, महिनाभर जिवाला घोर, आणि शेवटी रिपोर्ट येतो की टीबी आहे, कर्करोग नाही. रेडिएशनमुळे फुफ्फुसावर आलेली सूजही चमकते. उलट, लोब्युलर (दूधग्रंथींत सुरू होणाऱ्या) प्रकारचा कर्करोग पुष्कळदा फिका दिसतो, आणि मेंदू मुळातच साखर ओढत असल्याने तिथला लहान डाग लपून जातो. "सगळंच कळेल" हे म्हणूनच खरं नाही.

शेजारच्या मुलाला लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) होता आणि उपचार संपल्यावर पेट केला, मग आम्हाला का नाही? कारण तो वेगळा आजार. हॉजकिन लिम्फोमामध्ये उपचार लागू पडला की नाही, हे पेटवरच ठरवतात. चमक किती उरली याला 1 ते 5 गुण देतात, त्याला डोव्हिल गुणांकन म्हणतात. तिथे पेट उपचाराचाच भाग आहे.

पेट जिथे हवाच, ती ठिकाणंही आहेत. एकाच जागी आठवड्यांमागून आठवडे दुखणारं हाड, न जाणारा खोकला किंवा धाप, कावीळ, उगाच उतरणारं वजन, किंवा बायोप्सीत आजार परतल्याचं दिसणं. अशा वेळी "पुढच्या फॉलोअपला सांगू" म्हणून थांबू नका. नवी डोकेदुखी किंवा झटका आला तर पेटऐवजी मेंदूचा एमआरआय मागतील, ते बरोबर आहे.

आणि ज्या तपासण्यांबद्दल कोणी विचारत नाही, त्या खरं तर जास्त कामाच्या. लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल या हार्मोन घटवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हाडं ठिसूळ होतात, तेव्हा हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन. ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन चालू असेल तर हृदयासाठी साधारण तीन महिन्यांनी टू-डी एको. टॅमॉक्सिफेन या हार्मोन रोखणाऱ्या गोळीवर असताना योनिमार्गातून अवेळी रक्तस्राव झाला तर लगेच दाखवायचं. काही त्रास नसताना गर्भाशयाची सोनोग्राफी वारंवार करून मात्र काही मिळत नाही.

पहिल्या तीन वर्षांत दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांना दाखवायचं, नंतरची दोन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. मॅमोग्राफीला जाताना मागच्या सगळ्या फिल्म किंवा सीडी सोबत न्या. सेंटर बदललं असेल तर आवर्जून. जखमेचा व्रण आणि मृत झालेली चरबी फिल्मवर गाठीसारखीच दिसू शकते. व्रण वर्षागणिक तसाच राहतो किंवा आक्रसतो, गाठ वाढते, आणि हे जुनं चित्र शेजारी लावल्याशिवाय कळत नाही. ते नसेल तर रिपोर्टवर बायरॅड्स 3 (बहुधा निरुपद्रवी, पण लक्ष ठेवायला हवं) पडतं आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावणं येतं. ऑपरेशन कुठल्या बाजूला, कुठल्या महिन्यात झालं आणि रेडिएशन कधी संपलं, हे एका चिठ्ठीवर लिहून काउंटरलाच द्या.