पाय लांब केल्यानंतर बुटाला द्यायची उंची: जेल, एअर इनसोल, थरांची पाचर आणि शू रेज

पायाची लांबी वाढवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर हाड हळूहळू लांब होतं; तोवर, आणि कधी नंतरही, दोन पायांच्या लांबीत फरक राहतो. तो भरायला बुटातली उंची शोधायला गेलं, की ऑनलाइन दुकानं सगळ्यात आधी टाचेखाली ठेवायची जेलची पाचर दाखवतात. निळसर, पारदर्शक, हाताला छान मऊ. तिचा मऊपणाच इथे अडचणीचा आहे. अंगठ्याने दाबून बघा, अर्धी जाडी तिथेच नाहीशी होते. पाकिटावर १५ मिमी लिहिलेलं असलं तरी अंगाचं वजन पडल्यावर तेवढी उंची उरत नाही, आणि टाच बुटात आडवी डुलते. ज्या पायाचे स्नायू महिनोन्महिने कुबड्यांवर राहून बारीक झालेत, त्याच्या घोट्याला हे डुलणं अजिबात नको. टाचदुखीसाठी जेल घ्या. लांबीतला फरक भरून काढायला घेऊ नका.

त्याहून वाईट म्हणजे उंची वाढवण्यासाठी विकले जाणारे एअर इनसोल. ३, ५, ७ सेमी अशा मापांत ते मिळतात आणि दोन्ही पाय लांब करून घेतलेली मंडळी अजून थोडं उंच दिसण्यासाठी ते घालतात. टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर १७ सेमी धरलं, तर टाच १ सेमी उचलली की तळवा साधारण साडेतीन अंश उतरता होतो. तीच ३ सेमी उचलली की १० अंश आणि ५ सेमी उचलली की १७ अंश. आता नडगीचं हाड वाढवताना काय होतं ते बघा. हाड वाढतं, पण पोटरीचा स्नायू आणि टाचेची शीर (त्या स्नायूला टाचेशी जोडणारा जाड दोर) तितक्या सहज वाढत नाहीत. त्या पाऊल खाली ओढतात आणि टाच जमिनीला टेकेनाशी होते. फिजिओथेरपिस्ट रोज टॉवेल लावून चवडा वर ओढायला लावतात तो यासाठीच. दिवसातून चार वेळा ताण द्यायचा आणि उरलेला दिवस टाच ५ सेमी वर ठेवून चालायचं, म्हणजे सगळ्या मेहनतीवर पाणी. शिवाय वजन चवड्यावर जातं आणि गुडघा किंचित वाकून चालायची सवय लागते. हे इनसोल आमच्या लेखी बाद.

थरांची पाचर मात्र कामाची आहे. कडक रबर किंवा पीव्हीसीचे साधारण तीन-तीन मिलिमीटरचे थर एकावर एक बसवलेले असतात. हवा तेवढा काढायचा, हवा तेवढा ठेवायचा. १ सेमीपर्यंतच्या फरकाला ती पुरते. त्यापुढे टाच बुटाच्या मागच्या कडक भागाबाहेर येऊ लागते आणि प्रत्येक पावलाला बूट सुटतो. घेताना पुढची धार तपासा. ती शून्यापर्यंत निमुळती हवी, नाहीतर तळव्याच्या कमानीखाली पायरी टोचते. पाचर इनसोलच्या वर न ठेवता खाली ठेवा आणि दुतर्फी टेपने चिकटवा. बूट लेसचा किंवा रुंद वेल्क्रोचा, मागून खोल असलेला घ्या. लोफरमध्ये ती टिकत नाही. डॉक्टर बऱ्याचदा ५ ते १० मिमी फरक मुद्दाम ठेवतात, विशेषतः गुडघा किंवा घोटा कडक असेल तर, म्हणजे पाऊल पुढे टाकताना जमिनीला घासत नाही. तो फरक पाचर टाकून सगळा भरून काढू नका. किती भरायचा ते आधी विचारा.

फरक त्याहून जास्त असेल तर बुटाच्या सोलखाली भर, म्हणजे शू रेज, हेच उत्तर. यात टाचेबरोबर सगळं पाऊल उचललं जातं, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. अस्थिव्यंग साधनांच्या कार्यशाळेत, उदाहरणार्थ मुंबईत हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेसारख्या ठिकाणी, हे काम नेहमीचं आहे. चांगला मोचीही ते करतो, पण त्याला चार गोष्टी स्पष्ट सांगाव्या लागतात.

पहिली गोष्ट माल. मधुमेहाच्या चपलेतलं मऊ एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांचं रबर, उंचीसाठी चालत नाही, ते दबतं. कडक ईव्हीए, म्हणजे हलका फोम, मागा; नखाने दाबल्यावर जेमतेम खूण उठावी इतकं कडक. भरीव रबरही नको. सबंध पावलाखाली ५ सेमी भर घातली तर ईव्हीएचं वजन साधारण पाव किलो होतं, रबराचं किलोच्या वर जातं. अशक्त मांडीने ते दिवसभर उचलायचं असतं. दुसरी गोष्ट पुढचा उतार. जाड सोल वाकत नाही, म्हणून चवड्यापासून बोटांकडे त्याला होडीच्या नाळेसारखा वर उचललेला आकार लागतो. हा नसेल तर दर चार पावलांनी बूट अडखळतो, आणि नव्या हाडावर पडणं परवडणारं नाही. तिसरी गोष्ट रुंदी: तळाला भर दोन्ही बाजूंनी थोडी पसरट हवी, तरच घोटा मुरगळत नाही.

चौथी आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे थर. हाड वाढवण्याचा नेहमीचा वेग दिवसाला १ मिमी, पाव-पाव मिलिमीटर करून चार वेळा. म्हणजे आखूड पाय लांब होत असताना दर दहा दिवसांनी भर १ सेमीने जास्त ठरते. ५ सेमीचा एकच ठोकळा बसवला तर दर वेळी नवं काम काढावं लागतं. त्यापेक्षा सेंटिमीटरचे पाच थर लावून घ्या. मोची खालचा सोल उचकटतो, एक थर सोलतो, पृष्ठभाग घासतो, दोन्ही बाजूंना सोल्युशन लावून दहा-पंधरा मिनिटं थांबतो आणि बोटाला चिकटेनासं झालं की दाबून ठोकतो. ओलं असताना जोडलं तर आठवड्यात कड सुटते. पावसाळ्यात याहून जास्त वेळ थांबायला सांगा आणि खालच्या सोलला कडेने शिलाई मारून घ्या.

मोजमाप अंदाजाने करू नका. ५ आणि १० मिमीचे प्लायवूडचे तुकडे आखूड पायाखाली सारत जा. मागून बघणाऱ्याला कमरेची दोन्ही हाडं एका रेषेत दिसली की तो आकडा लिहा. उभ्याने काढलेल्या पूर्ण पायांच्या एक्स-रेशी तो ताडून पाहा. दोन्ही आकड्यांत मोठा फरक आला तर गुडघा किंवा घोटा पूर्ण सरळ होत नसण्याची शक्यता असते, आणि तेव्हा भर वाढवण्याआधी तपासणी हवी. टाच टेकत नसल्याने लांब केलेला पाय प्रत्यक्षाहून लांब भासतो. अशा वेळी त्याच टाचेखाली पाचर घालणं सोपं वाटतं, पण त्याने आखडलेली शीर आखडलेलीच राहते. त्याऐवजी तात्पुरती भर दुसऱ्या बुटाला देता येते का, हे सर्जनला विचारा.

प्रौढांमध्ये वाढवलेल्या दर सेंटिमीटरमागे हाड पक्कं व्हायला साधारण महिना ते दीड महिना लागतो. तोवर वजन टाकण्याची परवानगी जेवढी, तेवढंच. बूट उंच केला म्हणून ती वाढत नाही.

आपल्याकडे बूट दाराशी निघतो आणि घरात दिवसातले कितीतरी तास अनवाणी जातात, हे बनवणाऱ्याला सहसा कोणी सांगत नाही. त्यामुळे बुटाबरोबरच घरातल्या चपलेलाही तेवढीच भर घालून घ्या. चप्पल मागून पट्टा असलेली असावी आणि तळाला खाचांचं रबर लावलेलं असावं, कारण ईव्हीए ओल्या फरशीवर घसरतं. दर थर काढाल तेव्हा चपलेचाही काढा.