भुवयांमधल्या आठ्या: रात्रीचं क्रीम की सुई?

माझ्या दोन भुवयांच्या मधे इंग्रजी अकरा काढल्यासारख्या दोन उभ्या रेषा होत्या, चाळिशीनंतर त्या इतक्या खोल गेल्या की मी नुसता मेल वाचत बसलो तरी ऑफिसातली पोरं विचारायची, सर काही चुकलं का. बायको तर सरळच म्हणायची, आधी कपाळ सरळ कर मग बोल. तर या रेषांवर मी आधी आठेक महिने ट्रेटिनॉइन क्रीम लावलं, मग बोटॉक्सच्या इंजेक्शनकडे वळलो, आत्ता तिसरी खेप झाली. मी डॉक्टर नाही, तुमची स्किन वेगळी वागू शकते, हे आधीच सांगून ठेवतो.

क्रीमला नावं नाही ठेवणार. स्वस्त आहे, जुनं आहे, अमेरिकेत पिंपल्ससाठी १९७१ सालीच मान्यता मिळालेलं औषध. माझ्या गालावरचे डाग फिके झाले, डोळ्यांजवळच्या बारीक सुरकुत्याही कमी वाटायला लागल्या. पण ते रोज रात्रीचं प्रकरण! तोंड धुवायचं, पूर्ण कोरडं होईपर्यंत वीसेक मिनिटं थांबायचं, मग वाटाण्याएवढं क्रीम सगळ्या चेहऱ्याला. ती वीस मिनिटंच मला नडली. साडेदहाला तोंड धुऊन मी सोफ्यावर टेकायचो, वाळेपर्यंत म्हणून, आणि दीड वाजता मान आखडून जाग यायची तेव्हा ट्यूब हातातच. आठवड्यातून दोन-तीनदा तरी हेच. मधे खाडा पडला की पुन्हा लावल्यावर स्किन चिडायची, लाल व्हायची, सोलायची. भाच्याच्या साखरपुड्याला हौसेने काळा कुर्ता घातला आणि नाकाशेजारचे पापुद्रे त्यावर पडायला लागले, बहीण सगळ्यांसमोर रुमालाने झटकतेय आणि वर विचारतेय, अरे मे महिन्यात कसली रे थंडी लागली तुझ्या तोंडाला.

एवढं करून अकरा तिथेच. का, ते स्किनवाल्या मॅडमनी आरसा हातात देऊन दाखवलं. आठ्या घाला म्हणाल्या, आता सोडा. रेषा पाडतो तो आतला स्नायू, आणि क्रीम काम करतं वरच्या कातडीवर. बोटॉक्स नसेकडून स्नायूला जाणारा निरोपच अडवतं. हा शोधही गंमतीने लागलाय, व्हँकुव्हरच्या जीन कॅरुथर्स या डोळ्यांच्या डॉक्टर, त्या पापण्या आवळल्या जाणाऱ्या पेशंटना हे इंजेक्शन द्यायच्या, त्यात १९८७ च्या सुमारास लक्षात आलं की कपाळावरच्या आठ्याही जातायत. सौंदर्यासाठी म्हणून अमेरिकेत २००२ साली पहिली मान्यता मिळाली तीही याच भुवयांमधल्या जागेला.

प्रत्यक्षात काय, तर पाच टोचण्या, साधारण वीस युनिट (हे औषधाचं माप), दहा मिनिटांत बाहेर. डास चावल्यासारख्या गाठी येतात, अर्ध्या तासात बसतात. चार तास आडवं व्हायचं नाही, कपाळ चोळायचं नाही, त्या दिवशी जिम नाही. मी स्कूटरवर गेलो होतो, हेल्मेट कपाळावर दाबेल म्हणून स्कूटर तिथेच ठेवून रिक्षाने आलो (हेल्मेट न घालण्याचं इतकं सज्जन कारण पुण्यात दुसरं नसेल). त्याच दिवशी काही दिसत नाही हं, आरशात बघून पैसे गेले म्हणू नका. माझा चौथा-पाचवा दिवस असेल, कोणीतरी आमच्या गेटसमोर गाडी लावली होती, मी आठ्या घालायला गेलो आणि कपाळ हललंच नाही. पूर्ण असर यायला दोन आठवडे.

सगळं गोडगोड नाही. दुसऱ्या वेळी कपाळाच्या आडव्या रेषाही करून घेतल्या तर उजव्या भुवईचं टोक वर चढलं, नाटकातला खलनायक दिसायला लागलो. दोन आठवड्यांच्या तपासणीत तिथे वर एक-दोन युनिट दिली, मग बसली खाली. म्हणून ही तपासणी फीमध्ये धरलीये का ते आधीच विचारा. क्वचित पापणीही उतरते, काही आठवड्यांनी आपोआप ठीक होते म्हणतात, मला झालं नाही. गरोदरपणात, बाळ अंगावर पीत असताना किंवा मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल तर या वाटेला जायचंच नाही (गरोदरपणात ते क्रीमही नको). आणि युनिटचा भाव विचारताना ब्रँड विचाराच, डिसपोर्ट या दुसऱ्या ब्रँडची पन्नास युनिट म्हणजे जास्त औषध नव्हे, याच जागेसाठी त्यांचं मोजमापच वेगळं.

तीन-चार महिन्यांनी उतरतं, पुन्हा खर्च, हे मान्य. पण वर्षातून तीन चकरा मला जमतात, वर्षातल्या तीनशे पासष्ट रात्री नाही जमत. तुम्हाला डाग, पोत असलं काही हवं असेल आणि रात्री जागं राहता येत असेल तर क्रीमच बरं, उगाच सुई कशाला. आठ्यांसाठीच विचारत असाल तर मी बहुतेक सुईच म्हणेन. फार खोल रेषा पूर्ण जात नाहीत, माझ्या आता खोडलेल्या पेन्सिलीएवढ्या उरल्यात. घरात कार्य असेल तर मात्र तीन आठवडे आधी उरका, आदल्या दिवशी नको, सुईची जागा काळीनिळी पडली तर फोटोत तेवढीच दिसते.